सीएलसीएन७ चा रिपोर्ट आणि किडलेली दाढ

विश्रामबाग_दंत:
सांगलीतला पेशंट, खालची दाढ किडलीय. जीन रिपोर्टात सीएलसीएन७ या जीनमध्ये जी२१५आर हा बदल, दोनपैकी एका प्रतीत. 'हाडं घट्ट आहेत, चांगलंच की' असं त्याला कुणीतरी सांगितलंय. दाढ काढू का? घरच्यांचं काय?

मिरज_अस्थी:
घट्ट म्हणजे भक्कम नव्हे, हा ऑस्टिओपेट्रोसिस आहे, म्हणजे हाडं दाट पण ठिसूळ होण्याचा आजार. ऑस्टिओक्लास्ट पेशी आम्ल सोडून जुनं हाड विरघळवतात. या जीनचं प्रथिन लायसोसोमच्या (पेशीतल्या पचनाच्या पिशवीच्या) पडद्यावर आणि त्या पेशींच्या आम्ल सोडणाऱ्या कडेवर असतं. त्याला सर्रास चॅनेल म्हणतात, पण ते अदलाबदल करतं: दोन क्लोराइड आत, एक प्रोटॉन बाहेर. काम दोन प्रथिनांच्या जोडीने चालतं, म्हणून एक प्रत बिघडली तरी जोडीदारही अडकतो. पेशी भरपूर, काम ठप्प. जुनं हाड साचून मज्जेची पोकळी अरुंद होते, रक्तपुरवठा तोकडा पडतो. जबडा एकदा पिकला की आवरता आवरत नाही, म्हणून जमेल तोवर रूट कॅनालच करा. काढणं टळतच नसेल तर आधी ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), अँटिबायोटिक आधीपासून, हाडाला कमीत कमी धक्का, हिरडी टाके घालून पूर्ण बंद, आणि जखम भरेपर्यंत वरचेवर तपासणी. हाड कापावंच लागलं तर नवा बर (ड्रिलचं टोक), कमी वेग, सलाइनची धार. बिस्फॉस्फोनेट (हाड विरघळणं रोखणारं औषध) चालू असेल तर ज्यांनी लिहिलंय त्यांना आजच फोन करा.

कृष्णाकाठ_जनुक:
मुलांना प्रत्येकी ५० टक्के शक्यता; आईवडिलांपैकी एकात हा बदल असेल तर सख्ख्या भावंडांनाही तेवढीच. पुन्हा एक्झोम (सगळ्या जीनची तपासणी) नको, तेवढाच बदल सँगरने (जीनचा नेमका तुकडा वाचणाऱ्या तपासणीने) बघा. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब, २-३ मिली रक्त. हेपरिनच्या ट्यूबमुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची पायरी) बिघडतो. सोबत मूळ रिपोर्टची प्रत द्या, नाहीतर लॅबला नेमकं काय शोधायचं तेच कळत नाही. मणक्याचा बाजूने एक्स-रे काढा, मणके सँडविचसारखे दिसतात. मात्र बदल असूनही एक्स-रे साफ निघणारे असतात.

विश्रामबाग_दंत:
बायको मामाची मुलगी आहे, बाळाचा विचार चाललाय.

कृष्णाकाठ_जनुक:
मग तिची तपासणी आधी, गर्भ राहण्यापूर्वी. दोन्ही प्रती बिघडल्या तर बाळाला पहिल्याच वर्षात रक्तक्षय, नजर जाणं, असा गंभीर प्रकार होऊ शकतो. मज्जा प्रत्यारोपणाने हाड सुधारतं, पण हे प्रथिन मेंदूच्या पेशींतही लागतं, तिथलं नुकसान त्याने थांबत नाही. तिचा पूर्ण जीन वाचायला सांगा, नुसता जी२१५आर नको: दुसरा बदल तिच्या आईच्या बाजूनेही येऊ शकतो.