अवकाश स्थानकाची 'जोडणी', 'जुळणी' की 'उभारणी'?

विचारणा : मुलांच्या मासिकासाठी स्पेस शटल एन्डेव्हरच्या डिसेंबर १९९८ मधल्या एसटीएस-८८ मोहिमेवर लिहितेय. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे पहिले दोन भाग याच मोहिमेत एकत्र आले : नोव्हेंबरात बैकानूरहून गेलेला झार्या आणि शटलने सोबत नेलेला युनिटी. या 'असेंब्ली'ला मराठीत काय म्हणू? 'जोडणी' म्हटलं की मला गॅसचं सिलिंडरच दिसतं.

जुना मुद्रितशोधक : 'जुळणी' म्हणा. छापखान्यात खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, लावायचा तो जुळारी, त्याचं काम जुळणी. त्यात नेमका तुकडा नेमक्या जागी बसणं आलं. ६ डिसेंबरला वर तेच चाललं होतं. नॅन्सी करी यांनी यांत्रिक हाताने सुमारे १९ टनांचा झार्या पकडला आणि शटलवर आधीच बसवलेल्या युनिटीच्या वर आणला. सांधा त्यांना थेट दिसतच नव्हता, मध्ये युनिटी. सगळी भिस्त कॅमेऱ्यांवर आणि संगणकावर. अंतर अगदी थोडं उरल्यावर कमांडर रॉबर्ट कबाना यांनी शटलची छोटी इंजिनं पेटवून खालून रेटा दिला, तेव्हा दोन्ही भाग एकमेकांत बसले.

तारतंत्री : त्या दिवसापुरतं कबूल. पण दुसऱ्या दिवशी जेरी रॉस आणि जेम्स न्यूमन सात तासांहून जास्त वेळ बाहेर राहिले आणि ४० केबली-कनेक्टर लावून युनिटीला वीज दिली. ती जोडणीच, अगदी महावितरणच्या अर्थाने! आणि २०११ मध्ये शटल निवृत्त होईपर्यंत एकेक भाग नेऊन जे काम चाललं, त्या सगळ्याला 'उभारणी'. वर-खाली नसलेल्या जागी उभारायचं काय, असं कुणी विचारेलच; पण आपण निधीसुद्धा उभारतो की.

विचारणा : मथळ्यात 'उभारणी' घेते मग. आणि 'डॉकिंग'? गाडी फलाटाला लागते, जहाज धक्क्याला लागतं, तसं 'यान स्थानकाला लागलं' चालेल?

जुना मुद्रितशोधक : 'स्थानकाला' आहे तोवर चालेल. पुढच्या वाक्यात नुसतं 'यान लागलं' राहिलं, तर अंतराळवीर ओकतोय असं वाटेल.

तारतंत्री : तेही खोटं नाही म्हणा. वजनहीन अवस्थेत पहिले दोन-तीन दिवस बऱ्याच जणांना मळमळतं.

इचलकरंजीकर : एवढी खटपट चाललीच आहे तर शटलला 'धोटा' का नको? इंग्रजी शब्द मूळचा मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचाच. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

जुना मुद्रितशोधक : अर्थ चोख आहे. पण पाचवीतल्या पोराला धोटा समजवायला आधी माग दाखवावा लागेल, आणि त्याच्याकडे बॅडमिंटनचं शटल आधीपासून आहे. 'शटल' राहू द्या.