ग्लायोब्लास्टोमा: पेशीसंकेत, चयापचय आणि प्रतिकारयंत्रणा

प्रश्न: ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे मेंदूच्या एका आक्रमक कर्करोगात, वाढीच्या संकेतांचा चयापचयाशी आणि प्रतिकारयंत्रणेला चकवण्याशी नेमका काय संबंध असतो?

उत्तर १: ईजीएफआर हे वाढीचा संकेत पेशीत पोहोचवणारे ग्राही प्रथिन अतिसक्रिय झाले की पीआय३के, एकेटी आणि एमटॉर या प्रथिनांची संकेतसाखळी चालू राहते, पेशी ऑक्सिजन असूनही ग्लुकोजचे लॅक्टेट करून बाहेर टाकते आणि त्या आम्ल परिसरात टी पेशी (कर्करोगाच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशी) निष्प्रभ होत जातात. पीटीईएन हे प्रथिन म्हणजे या साखळीचा लगाम. तो गमावलेल्या पेशींवर पीडी-एल१ हे टी पेशींना थोपवणारे प्रथिन वाढते, आणि मला हाच दुवा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उत्तर २: आयडीएच१ या चयापचयातील विकराच्या जनुकात झालेल्या उत्परिवर्तनातून तयार होणारे २-हायड्रॉक्सिग्लुटरेट हे रसायनही टी पेशींना दुबळे करते, मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणानुसार असे अर्बुद (गाठ) ग्लायोब्लास्टोमा गणले जात नाही.

प्रश्नकर्ता: मग एमटॉर रोखणे पुरेसे ठरेल का?

उत्तर १: नाही, टी पेशींनाही वाढीसाठी एमटॉर लागतोच.