फ्लाइट टेस्टला डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स कशाला म्हणे!

ओझरचा वारा: काल इथे कुणीतरी लिहिलं की टेस्ट पायलटचा अनुभव पुरे, हे आकडेवाले विमानाच्या वाटेला का जातात. डोकंच फिरलं वाचून. १७ ऑक्टोबर २०२५ला ओझरवरून तेजस मार्क १ए उडालं तेव्हा टाळ्या वाजवणारे आपणच ना? मग टेस्टिंग कसं ठरतं तेही समजून घ्या. डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स म्हणजे कुठले प्रयोग, किती आणि कुठल्या क्रमाने करायचे ते आधीच आखणं. एखाद्या विमानाचं घ्या: उंची, वेग, वजन, सीजी (गुरुत्वमध्य), फ्लॅप (पंखामागची हलती पट्टी), प्रत्येकाच्या दोनच पातळ्या धरल्या तरी ३२ जोड्या. एकेक घटक बदलत बसलात तर सीजी मागे असताना फ्लॅपचा परिणाम बदलतो का हे कळणारच नाही. त्या ३२ मधले नीट निवडलेले १६ पॉइंट उडा, तीन घटकांचा एकत्र परिणाम नगण्य असेल तर दोन-दोन घटकांचे सगळे परिणाम सुटे निघतात.

हँगरमधला: १६ पॉइंटांत १६ आकडे काढले (एक सरासरी, घटकांचे पाच, दोन-दोनचे दहा), मग चूक मोजायला उरलं काय? आणि या पद्धतीत पॉइंटांचा क्रमही रँडम, चिठ्ठ्या टाकून ठरवतात म्हणे! फ्लटरला (वेगात पंख थरथरून तुटायची भीती असते त्या टेस्टला) कमी वेगापासून पायरी पायरी चढतात, दर पायरीला डॅम्पिंग, म्हणजे थरथर किती लवकर विरते, ते बघून मगच पुढे. चिठ्ठीत पहिलाच पॉइंट सगळ्यात जास्त वेगाचा निघाला तर पायलटच्या घरी तुम्ही जाणार का सांगायला?

ओझरचा वारा: फ्लटरला चिठ्ठ्या कोण टाकतंय! एन्व्हलप, म्हणजे सुरक्षित वेग-उंचीची हद्द, आधी पायरीनेच उघडायचं, त्याच्या आत परफॉर्मन्सला, रडारला क्रम बदला. सीजी हवेत मनासारखा हलवता येत नाही, म्हणून एका सॉर्टीचा, म्हणजे एका उड्डाणाचा, एक गट धरायचा.

पिंपळगावची बाग: हे गट पाडणं मुळात शेतातलंच, संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२०च्या दशकात इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात मांडलेलं. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस माझ्या द्राक्षबागेत डावणी रोगाचं (ओलाव्यात वाढणाऱ्या बुरशीचं) औषध घेऊन आला, कालव्याकडच्या ओळींना जुनं मारलं, वरच्या अंगाला नवं, फोटो काढले, म्हणे नवं भारी. अरे कालव्याकडे दव उशिरापर्यंत टिकतं! पुढच्या साली सगळ्या बागेला नवंच मारलं आणि निम्मे घड गेले.

निफाडकर: भाऊ, पाऊस किती होता त्या साली? खापर औषधावरच का?

पिंपळगावची बाग: पाऊस शेजाऱ्यावरही पडला, त्याने जुनंच मारलं, त्याची बाग वाचली. माझं सोसायटीचं कर्ज अजून फिटतंय, तुम्हाला काय जातंय बोलायला!

निफाडकर: त्याची छाटणी कधीची?

पिंपळगावची बाग: पंधरा दिवस उशिरा.

निफाडकर: मग फुलोरा पावसातून सुटला असेल. औषधही वेगळं, छाटणीही वेगळी, आणि दोष एकालाच. त्या कंपनीवाल्याने केलं तेच तुम्ही करताय.

पिंपळगावची बाग: छाटणीचं मान्य. पण ओळी आलटून पालटून मारायला पाहिजे होत्या, यावरून मी हटणार नाही.

हँगरमधला: बरं, सॉर्टीच्या गटाचं पटलं, रडारपुरतं. पण नुसत्या १६वर माझी सही नाही. एकच पॉइंट वेगवेगळ्या दिवशी चार वेळा परत उडा, नाहीतर पायलट ‘आज विमान जड वाटतंय’ म्हणाला तर ते विमानाचं की त्या दिवसाच्या हवेचं, ठरवणार कशावरून?

ओझरचा वारा: चार जास्त धरू. २० झाले, ३२पेक्षा कमीच.