विमआरसी नसेल तर प्रोग्रामर नव्हे?

गवाक्ष:
‘ज्याची स्वतःची विमआरसी नाही तो प्रोग्रामरच नव्हे, व्हीएस कोड ही कुबडी आहे,’ असे परवा एका सदस्याने येथे ठणकावून लिहिले, म्हणून हे सविस्तर उत्तर. (विमआरसी म्हणजे विम या एडिटरची, ज्याने-त्याने आपल्या सोयीने रचलेली सेटिंगची फाइल; व्हीएस कोड हा दुसरा एडिटर.) विममध्ये कर्सर हलवणाऱ्या ज्या एच-जे-के-एल कळांचे गोडवे गायले जातात, त्यांमागे कोणतेही तत्त्वज्ञान नाही. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास विमचा पूर्वज व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर, आणि त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार कळांवर छापलेले होते. माझ्या एका सहकाऱ्याचे निम्मे आठवडे विमच्या प्लगइनची, म्हणजे जोड-सुविधांची, भांडणे सोडवण्यात जात, आणि त्याचे काम मात्र आमच्या गळ्यात पडे.

खटपट्या:
उगमावरून उपयुक्तता ठरत नाही. क्लायंटचा सर्व्हर रात्री कोसळला की तेथे व्हीआय असतोच. आपल्या व्हीएस कोडला मात्र दूरच्या यंत्रावर आधी स्वतःचा सर्व्हर-प्रोग्राम उतरवावा लागतो, आणि आमच्या क्लायंटच्या सुरक्षानियमांत ते बसत नाही.

गवाक्ष:
त्या सर्व्हरवर तुमची विमआरसी तरी कुठे असते? तेथे तुम्ही कोराच व्हीआय वापरता. मग सजावटीवर घातलेली वर्षे कोणत्या खाती जमा करायची?

मास्तर:
हे सारे चोचले आहेत. आमच्या महाविद्यालयात मुले आजही जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सच्या निळ्या पडद्यावर जुनापुराणा टर्बो सी चालवतात आणि प्रात्यक्षिक परीक्षेत ‘व्हॉइड मेन’ ही प्रमाणबाह्य सुरुवात लिहितात.

अनुस्वार:
मराठीत लिहिणाऱ्यांचा कोणी विचार करणार आहे का? मी भाषांतराच्या फायली हाताळतो. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू असताना एस्केप दाबून (म्हणजे लेखन सोडून आज्ञांच्या नॉर्मल मोडमध्ये जाऊन) ‘जे’ दाबला, की कर्सर खाली उतरत नाही, कारण विमच्या हाती ‘र’ पडतो. प्रत्येक ओळीला कीबोर्ड बदलत बसायचे काय?

खटपट्या:
मॅन्युअल उघडण्याचे कष्ट घेतले असते, तर हा प्रश्न पडला नसता. संगणकाचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवावा, विममध्ये देवनागरीचा कीमॅप (कोणत्या कळेला कोणते अक्षर याचा तक्ता) लावावा आणि लेखनाच्या इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-६ ने लिपी बदलावी. नॉर्मल मोडमधल्या आज्ञांना त्याचा धक्काही लागत नाही. हीच ती आपण हिणवलेली ‘सजावट’.

अनुस्वार:
टंकनाचे झाले, वाचनाचे काय? विम ज्यात चालतो ते टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचा चौकोन देते, त्यामुळे जोडाक्षर फुटते, पहिली वेलांटी भलतीकडे जाऊन बसते आणि कर्सर दिसतो एका अक्षरावर, खोडतो दुसरेच. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरच्या २०२० मधील २७ व्या आवृत्तीपासून अक्षरे नीट जुळवून दाखवणाऱ्या हार्फबझची सोय आहे, आणि त्याच्या ग्राफिक खिडकीत माझा मजकूर नीट दिसतो. तुमच्या काळ्या पडद्याची भक्ती इंग्रजीपुरतीच दिसते.

खटपट्या:
भक्ती हा शब्द मागे घ्यावा. मी उपाय सांगितला, तुम्ही टोमणा मारलात.

गवाक्ष:
कीमॅपचा उपाय चांगला आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पण जो एडिटर मराठी लिहू देतो आणि वाचू देत नाही, त्यावरून कोणाचे प्रोग्रामरपण ठरवू नये.

खटपट्या:
कोऱ्या व्हीआयबाबत आपले म्हणणे खरे आहे. त्याखेरीज आपल्या प्रदीर्घ लेखात मान्य करण्याजोगे काही सापडले, तर अवश्य कळवीन.