सल्ला हवा: जुन्या मॅटॅडोर कॅम्परला स्टेपनी कुठे बसवू? (बजेट ८ हजार)

चाकावरचं_घर (मुलुंड)
मामांची १९८५ ची टेम्पो मॅटॅडोर आता माझ्याकडे आहे. मामांनी आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी असं सगळं हौसेनं करून घेतलं, फक्त स्टेपनीला जागा ठेवायची राहिली. ती पलंगाखाली आडवी पडलेली असते आणि ब्रेक मारला की घसरत येऊन माझ्या सीटला धडकते. गणपतीला सावंतवाडीला जायचंय, आई बरोबर आहे. मागची भिंत फायबरची, दार डाव्या बाजूला. रिमसकट टायर भंगारवाल्याच्या काट्यावर २४ किलो भरला. मागे, खाली, टपावर की पुढे? बजेट ८ हजार, त्यावर एक रुपया नाही.

बोरिवली_रायडर
मागेच. माझ्या गाडीला बिजागरीवर उघडणारा कॅरिअर करून घेतला, पावडर कोटिंगसकट ३४ हजार. तीन वर्षांत साधा खुळखुळ आवाज नाही. डोळे झाकून करा.

चाकावरचं_घर
८ हजार म्हटलंय हो.

बोरिवली_रायडर
खर्च एकदाच होतो.

जोगेश्वरी_पूर्व
खाली चुकूनही नको. माझी खालीच होती, साखळी घालून वर मोठं कुलूप. गाडी रात्रभर गल्लीत. सकाळी बघतो तर साखळी आहे, कुलूप आहे, स्टेपनी गायब. साखळीच्या दोन कड्या कापल्या होत्या, कुलपाला हातसुद्धा लावला नव्हता. चौकीत साहेब म्हणाले, कुलूप चांगलं आहे, जपून ठेवा.

पार्ल्याचे_काका
आधी टायर कधीचा आहे ते बघा.

घाटवेडा
पुढे लावा ना राव! फोक्सवॅगनच्या जुन्या कॉम्बी व्हॅनच्या नाकावर असतो तसा. फोटो झकास येतात.

गॅरेजचा_मुलगा
कॉम्बीचं इंजिन मागे आणि तेही हवेवर थंड होणारं. तिला नाकावर टायर चालतो. मॅटॅडोरच्या जाळीसमोर टायर टांगलात तर रेडिएटरची हवा अडेल आणि कशेडी घाट यायच्या आत इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जाईल. फोटो तेव्हाही झकास येईल, वाफेचा.

शब्दवेल्हाळ
थोडं अवांतर. आपण ज्याला 'स्टेपनी' म्हणतो तो शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली फुगवलेला टायर चढवलेली, बिनआऱ्यांची जादा रिम काढली. पंक्चर झालेलं चाक काढायचंच नाही, त्याच्यावर ही रिम क्लँपने बसवायची. कंपनी गेली, पण आपल्या पंक्चरवाल्यांनी नाव टिकवलं.

घाटवेडा
स्टेपनी लंडनमध्ये आहे. माझा चुलतभाऊ राहतो तिकडे.

शब्दवेल्हाळ
लंडनमध्येही स्टेपनी आहे, पण चाकाचं नाव तिच्यावरून नाही. चुलतभाऊ तिथे राहतो म्हणून इतिहास बदलत नाही.

ठाणेकर_निवांत
स्टेपनी हवीच कशाला? ट्यूबलेस पंक्चर किट घ्या, पाचशे रुपयांत काम. स्टेपनी हवीच हा नियमसुद्धा बदललाय.

गॅरेजचा_मुलगा
जुन्या मॅटॅडोरला ट्यूबवाले टायर असतात, त्यांना रबराची वात भरून काही होत नाही. आतली ट्यूब काढूनच पंक्चर काढायचं. आणि २०२० चा तो नियम ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि किट, तिन्ही असलेल्या छोट्या गाड्यांसाठी आहे. मॅटॅडोरमध्ये दाब ड्रायव्हरच्या कमरेलाच कळतो.

आता मूळ प्रश्न. फायबरच्या भिंतीला चार बोल्ट मारून टायर टांगू नका. उभ्या गाडीत छान दिसेल, पण खड्ड्यात आदळली की ते २४ किलो कितीतरी पटीने ओढतात, बोल्टच्या भोकांभोवती फायबरला चिरा पडतात आणि एक दिवस भिंतीचा तुकडा घेऊनच टायर रस्त्यावर येतो. लावायचाच तर आधार खालच्या लोखंडी सांगाड्यातून वर आणा, भिंतीचा फक्त टेकू. वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढून ठेवा.

दुसरं, मॅटॅडोर पुढच्या चाकांवर ओढते, हे बरेच जण विसरतात. मागच्या चाकांच्याही मागे वजन टांगलं की तराजूसारखं पुढचं टोक हलकं होतं. त्यात पाण्याची टाकी मागे असली तर ओल्या चढावर पुढची चाकं नुसती जागेवर फिरतील. टाकी कुठे आहे?

चाकावरचं_घर
मागे. ८० लिटर.

गॅरेजचा_मुलगा
झालं मग.

अंधेरी_फास्ट
मागे लावली तर नंबरप्लेट आणि ब्रेकलाइट झाकले जाणार नाहीत हे बघा. माझी पावती फाटलीये. शिवाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी एक फूट लांब होते. आमच्या सेक्रेटरींनी टेप आणून मोजली होती, खोटं वाटेल.

कल्याण_जंक्शन
टपावर टाका, विषय संपला.

जोगेश्वरी_पूर्व
आणि भर पावसात २४ किलो खाली कोण उतरवणार, त्यांची आई?

कल्याण_जंक्शन
आमचे वडील उतरवायचे. तेव्हा माणसं वेगळी होती.

नागदेवीचा_गिऱ्हाईक
कुठेही लावा, पण बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून घ्या, डोक्यावर ८.८ (मजबुतीचा आकडा) कोरलेले. त्याखालचे नकोत. कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारात जुनं ब्रॅकेटही मिळेल, मात्र गंज खरवडून बघा.

मीरा_रोडची_मीरा
फायबरच्या भिंतीला लावू नका हं, चिरा जातात.

गॅरेजचा_मुलगा
हो. वर लिहिलंय.

पार्ल्याचे_काका
टायरची तारीख बघितली का? बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिसऱ्यांदा विचारणार नाही.

चाकावरचं_घर
काका, आज टॉर्च घेऊन बघितली. ३१०९. म्हणजे २००९ चा ऑगस्ट! नक्षी अगदी कोरी, कारण एकदाही लावलेला नाही. पण नखाने दाबलं तर बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. हा मी इतकी वर्षं आधार म्हणून वागवत होतो.

पार्ल्याचे_काका
रबर पडून पडूनही मरतं. नवीन घ्या.

चाकावरचं_घर
घेतला. टायर, ट्यूब आणि ट्यूब-रिमच्या मधली रबरी पट्टी मिळून साडेसहा हजार गेले. उरलेल्या दीड हजारात तुमच्यापैकी एकाचाही कॅरिअर होत नाही.

म्हणून शेवटी आत. पलंगाखाली नाही, ड्रायव्हरच्या सीटमागे. तिथे जमिनीखाली लोखंडी आडवी पट्टी सापडली. तिच्यातून दोन लांब बोल्ट (हो, ८.८) वर काढले, रिमच्या भोकांतून घेतले, वरून जाड वॉशर आणि दुहेरी नट. टायर आडवाच आहे, पण आता हलत नाही. फॅब्रिकेटरने १,३०० घेतले. आईने वर जुना पोळपाट ठेवलाय, तो चहाचं टेबल म्हणून चालतो. टाकी आता अर्धीच भरणार.

अंधेरी_फास्ट
आत रबराचा वास येईल.

चाकावरचं_घर
येतोय. मामांच्या विडीपेक्षा बरा आहे.

बोरिवली_रायडर
तरी ३४ वाल्याचा नंबर घेऊन ठेवा.