तांदूळ नको, पैसे हातात द्या. आणि दवाखाना पण माणसालाच निवडू दे

वडगावकर:
गरिबाला मदत नको असं मी म्हणतच नाही, पण ती सरकार सांगेल त्या दुकानातनं, सांगेल त्या दवाखान्यातनं का घ्यायची? २०२३ ला अन्नभाग्य या रेशनच्या योजनेत जादा पाच किलोसाठी केंद्राकडनं तांदूळ मिळेना, मग इथल्या कर्नाटक सरकारनं किलोला ३४ धरून माणशी १७० रुपये खात्यात टाकले. आमच्या गल्लीत कुणी त्याची ज्वारी आणली, कुणी तेल, कुणी पोरांच्या वह्या. २०२५ च्या फेब्रुवारीत परत तांदूळ सुरू केला, आणि नको असलेला तांदूळ लोक पडेल भावात विकून टाकायला लागले, म्हणजे सरकारचा खर्च पुरा आणि बाईच्या हातात त्यातला तुकडा. मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञानं १९६२ लाच लिहून ठेवलंय, छप्पन योजना चालवण्यापेक्षा ठराविक कमाईच्या खाली जो आहे त्याला सरळ पैसे द्या.
दवाखान्याचं पण तेच. बीपीएल कार्डावर वर्षाला पाच लाखाचं कव्हर आहे, पण इमर्जन्सी नसेल तर प्रायव्हेटला जायला आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. मागावर बसणाऱ्या विणकराचा दिवस त्या लाईनीत गेला की त्या दिवसाची मजुरी गेली. पैसा पेशंटच्या मागनं जाऊ दे, तो जाईल तिथं.

खानापूर रोड:
१७० रुपयांत दुकानात पाच किलो बरा तांदूळ येत होता का सांगा आधी. भाव वाढला की रक्कम तेवढीच राहते, तांदूळ मात्र पाच किलो तो पाच किलोच.
आणि दवाखाना म्हणजे बाजार नव्हे दादा. मी कॅज्युअल्टीत काम करते. रात्री छातीत दुखतंय म्हणून माणूस आणतात, बायको विचारते किती खर्च येईल, आणि ते खरंच कुणाला सांगता येत नाही, तोवर सहीचा कागद पुढं आलेला असतो. ती काय चार ठिकाणी भाव विचारून येणार? केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञानं १९६३ मध्ये हेच मांडलं, डॉक्टरला जे कळतं ते पेशंटला कळत नाही म्हणून इथं बाजाराचे नेहमीचे नियम चालत नाहीत. स्टेंटचं बगा, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत घालतात ती जाळी. कंपन्या ढीगभर होत्या तरी औषधवाला स्टेंट लाखाच्या घरात जात होता, फेब्रुवारी २०१७ ला सरकारनं २९,६०० ची मर्यादा घातली तेव्हा उतरला. कारण निवडणारा डॉक्टर आणि पैसे भरणारा पेशंट.

वडगावकर:
हार्ट अटॅकचं सोडा हो, ते मान्यच. पण मोतीबिंदू, हर्निया, गुडघा, बाळंतपण यात विचारायला वेळ असतो की. तिथं रेट भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायला लावा आणि माणसाला हिंडू द्या. भाव लपवून ठेवलेल्या ठिकाणाला बाजार म्हणून बाजारालाच शिव्या कशाला?

निपाणी लाईन:
यशस्विनी आरोग्य योजना विसरला काय सगळे? २००३ ला सुरू झाली तेव्हा महिन्याला पाच रुपये, सहकारी सोसायटीचे सभासद शेतकरी स्वतः भरायचे आणि ऑपरेशन प्रायव्हेट दवाखान्यात. फुकट नव्हतं म्हणून लोक हक्कानं विचारायचे. सरकारनं पण वाटा घातला होता हे खरं, पण पाया सोसायटीचा.

अनगोळचा भाडेकरू:
घराचं कोण बोलणार? पगारातला मोठा हिस्सा भाड्यात जातोय आणि वर डिपॉझिट. सरकार घरकुल वाटतंय चार जणांना, आणि दुसरीकडं शेतजमीन एनए, म्हणजे बिगरशेती करायला माणसाचे जोडे झिजतात. कायदेशीर प्लॉट कमी म्हणून महाग, मग गरीब माणूस नुसत्या बाँड पेपरवर गुंठा घेतो आणि आयुष्यभर नोटिशीला भितो. भाडं बांधून द्या म्हणणाऱ्यांनी मुंबईतल्या पागडीच्या चाळी बघाव्यात, मालक दुरुस्ती करत नाही आणि नवीन माणसाला खोली मिळत नाही. प्लॉट वाढू द्या, भाडं आपोआप खाली येतंय.

खानापूर रोड:
आपोआप काही येत नाही. इकडं शेत मोडून लेआउट कमी पडलेत काय? निम्मे प्लॉट गुंतवणूक म्हणून रिकामे पडलेत, कुसळं उगवलीत त्यात. आणि जमीन गेली त्या शेतकऱ्याचं काय, ते पण बोला.

वडगावकर:
रिकाम्या प्लॉटवर कर वाढवा, माझी हरकत नाही. पण दवाखान्याचा मूळ मुद्दा आपल्या सीमाभागातच दिसतो बगा. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले आरोग्य योजना द्यायचं ठरवलं, लगेच कर्नाटकानं हरकत घेतली. दोन सरकारं आपापल्या शिक्क्यासाठी भांडली, आणि कोल्हापूर-मिरजेला जायची आपली पहिल्यापासूनची सवय. पेशंटचं कार्ड त्याच्या खिशात, ते बेळगावात चालू दे, मिरजेत चालू दे, जिथं बरं बघतील तिथं चालू दे. मग सरकारी असो नाहीतर प्रायव्हेट, पेशंट टिकवायला नीट बघावंच लागेल.

खानापूर रोड:
ज्याला मिरजेपर्यंत जाता येतं त्याचं ठीक आहे. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या जंगलातल्या बाईला निवडायला दुसरा दवाखाना दाखवा मला. पावसाळ्यात तिथं नफ्यासाठी कोण दवाखाना घालणार? तिथं सरकारी डॉक्टर पगारावरच बसवावा लागतो, पेशंट दिवसाला दोन येवोत नाहीतर वीस.

वडगावकर:
कणकुंबीला बसवा की, पगार पण जास्त द्या, मी त्याला नाही म्हणणार नाही. पण त्या एका गावासाठी वडगाव, शहापूर, निपाणीच्या माणसाला रेफरलच्या लाईनीत का उभं करता, याचं उत्तर अजून आलं नाही.