मदत हवी आहे : इंटेलिजेमध्ये ब्रेकपॉइंटचे इतके प्रकार, कोणता कुठे लावायचा?

पायवाट

नमस्कार मंडळी. जावात लिहिलेला एक जुना प्रोग्रॅम सध्या माझ्याकडे सांभाळायला आहे. एका पतसंस्थेची पिग्मी खाती त्यावर चालतात. एजंट दिवसभर दुकानांतून पैसे गोळा करतात, संध्याकाळी त्यांच्या हातातल्या यंत्रातून फाइल निघते आणि रात्रीची बॅच ती ओळीओळीने वाचून रकमा जमा करते. रद्द झालेल्या पावत्याही त्याच फाइलमधून येतात, त्यांची रक्कम खात्यातून वजा होते. सगळ्या ओळी संपल्या की बदललेली खाती एकदम डेटाबेसमध्ये जातात.

अडचण अशी की मधूनच एखाद्या खात्याची शिल्लक उणे होते. पिग्मीत भरल्यापेक्षा जास्त पैसे निघण्याची सोयच नाही, त्यामुळे हे घडायलाच नको. पण घडलं की पहिला संशय जातो तो एजंटवर. चारशे-पाचशे घरांशी ज्यांचा रोजचा विश्वासाचा व्यवहार आहे, त्यांना प्रोग्रॅमच्या चुकीपायी मान खाली घालावी लागते. म्हणून मला हे कारण सापडल्याशिवाय चैन पडणार नाही.

नावं झाकलेल्या डेटावर माझ्या मशीनवर तोच प्रकार घडवून आणता येतो, एवढं चांगलं आहे. पण आतापर्यंत माझं डीबगिंग म्हणजे जागोजागी प्रिंट टाकायचं आणि आउटपुट वाचायचं. इथे ते पुरत नाही. लूपमध्ये साधा ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅमला मध्येच थांबवणारी खूण) लावला तर तो फाइलच्या प्रत्येक ओळीला थांबतो आणि ओळी हजारोंनी आहेत. शिल्लक बदलणारा कोडही एका जागी नाही. जमा, रद्द, व्याज, मुदतपूर्व बंद, दंड, असं सगळीकडून थेट त्या फील्डला हात लावलेला आहे.

इंटेलिजेत (मी जावा लिहायला वापरते तो एडिटर) कडेच्या पट्टीवर क्लिक केलं तर कधी लाल गोल येतो, कधी पत्त्यांतल्यासारखी चौकट, कधी डोळ्याचं चिन्ह. ब्रेकपॉइंटच्या यादीत विजेचं चिन्हही दिसतं. हे चार प्रकार नक्की काय करतात आणि माझ्या कामाला यातला कोणता लावावा? कुणी नीट समजावून सांगेल का? नुसती व्याख्या नको, ती मदतीच्या पानावर वाचली आहे.

सांजवारा

तुम्ही प्रश्न नीट मांडलात, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. चिन्हं घटकाभर बाजूला ठेवा. तुम्हाला प्रोग्रॅमला काय विचारायचं आहे ते आधी ठरवा, प्रकार त्यावरूनच ठरतो. "या ओळीवर आलास की थांब" असं सांगायचं असेल तर लाल गोल. "या फील्डची किंमत कुणीही, कुठूनही बदलली की थांब" असं सांगायचं असेल तर डोळा. "अमुक एक्सेप्शन (चालता चालता उद्भवलेली चूक) फेकला गेला की तिथेच थांब" यासाठी वीज. आणि "ही मेथड कुणी बोलावली की थांब" यासाठी चौकट.

तुमचा प्रश्न आहे "शिल्लक कोण बदलतं?" म्हणजे डोळा, फील्ड वॉचपॉइंट. खाते क्लासमध्ये शिल्लक हे फील्ड ज्या ओळीवर जाहीर केलंय तिथे कडेला क्लिक करा. त्याच्या चौकोनात दोन पर्याय दिसतील, वाचल्यावर थांबायचं की बदलल्यावर. फक्त बदलाचा ठेवा. वाचणं दर पावलाला होत असतं, ते लावलंत तर पुन्हा पहिल्याच त्रासात पडाल.

एक गोष्ट आधी तपासा : शिल्लक बिगडेसिमल (अचूक दशांश संख्यांचा जावातला प्रकार) आहे का? असेल तर उत्तम. बिगडेसिमलची वस्तू आतून बदलत नाही, बेरीज-वजाबाकी झाली की नवी वस्तू तयार होते आणि ती फील्डला दिली जाते. वॉचपॉइंट नेमका हा 'देण्याचा' क्षण पकडतो. हेच फील्ड एखादी लिस्ट असती आणि कुणी तिच्यात नुसती भर घातली असती, तर वॉचपॉइंट हलला नसता, कारण फील्ड त्याच लिस्टकडे बोट दाखवत राहतं. बरेच लोक इथे अडकतात आणि "वॉचपॉइंट चालतच नाही" म्हणून सोडून देतात.

आणखी एक. वॉचपॉइंट किंमत बदलायच्या आधी थांबतो. लाल गोलही ती ओळ चालण्यापूर्वीच थांबतो. त्यामुळे थांबल्यावर दिसते ती जुनी शिल्लक. नवी बघायला एफ८ दाबून एक पाऊल पुढे जा.

पायवाट

खूप आभार. हो, बिगडेसिमलच आहे. पण बदल तर प्रत्येक खात्याला होतो, मग वॉचपॉइंटही हजारो वेळा थांबेल ना?

सांजवारा

थांबेल, म्हणून त्याला अट जोडायची. चिन्हावर उजवं क्लिक केलं की अटीची जागा दिसते. तिथे तुमच्या प्रोग्रॅममधला जावाच लिहायचा. उणे झालेल्या एका खात्याचा क्रमांक घ्या आणि अट घाला की क्रमांक तोच असेल तरच थांब. क्रमांक स्ट्रिंग असेल तर तुलना इक्वल्सने करा. दोन बरोबरची चिन्हं टाकलीत तर ती वस्तू एकच आहे का हे पाहतात, अक्षरं सारखी आहेत का हे नाही. अट कधीच खरी ठरणार नाही आणि खात्याला कुणी हात लावला नाही असा तुमचा समज होईल.

अटीत एकच बरोबरचं चिन्ह तर चुकूनही पडू देऊ नका. बूलियनच्या बाबतीत ते चालून जातं, आणि मग अट तपासण्याऐवजी तुमच्या चालत्या प्रोग्रॅमची किंमतच बदलते. काहीतरी पुढे सरकवणारी मेथड अटीत बोलावली तरी तोच घोळ, उदाहरणार्थ इटरेटरचा नेक्स्ट. डीबगर लावला की चूक नाहीशी होते, काढला की परत येते, अशा तक्रारींमागे पुष्कळदा अशी अट असते.

लाल_माती

वर सगळं बरोबर सांगितलंय, पण वेगाबद्दल बोलायला हवं, कारण हजारो ओळींच्या बॅचमध्ये ते जाणवतंच.

जावाचा डीबगर हा वेगळा प्रोग्रॅम असतो, तो जेव्हीएमशी (जावाचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेशी) जेडीडब्ल्यूपी नावाच्या प्रोटोकॉलने बोलतो. साधा लाल गोल जवळजवळ फुकट आहे. बाइटकोडमध्ये, म्हणजे जेव्हीएम चालवतो त्या सूचनांमध्ये, २०२ क्रमांकाची सूचना खास ब्रेकपॉइंटसाठी राखून ठेवली आहे. मूळ सूचनेच्या जागी ती बसवली जाते आणि प्रोग्रॅम तिथे येईपर्यंत काही खर्च नाही. सी भाषेच्या डीबगरमध्येही हीच युक्ती असते, इंटेलच्या प्रोसेसरवर तिथे इंट-३ ही एका बाइटची सूचना बसते.

अट घातली की मात्र चित्र बदलतं. अट तपासायला प्रोग्रॅम दर वेळी थांबतो, डीबगर इंटेलिजेच्या बाजूने अट सोडवतो आणि खोटी निघाली की पुढे सोडतो. तुम्हाला थांबल्याचं दिसत नाही, पण तो थांबलेला असतो. लाखो फेऱ्यांच्या लूपमध्ये यानेच दम लागतो. अशा वेळी मी कोडमध्येच तात्पुरता इफ लिहितो आणि त्याच्या आत साधा लाल गोल लावतो. दिसायला गावठी उपाय, पण कितीतरी वेगवान. काम झाल्यावर तो इफ काढायचा, कमिटमध्ये जाऊ द्यायचा नाही.

चौकटीपासून मात्र लांब राहा. मेथड ब्रेकपॉइंट त्याच्या मूळ रूपात जेव्हीएमला प्रत्येक मेथडच्या प्रवेशाची आणि बाहेर पडण्याची खबर द्यायला लावतो, आणि सगळा प्रोग्रॅम रांगू लागतो. इंटेलिजेत त्यासाठी 'एम्युलेटेड' नावाची खूण आहे. ती चालू असेल तर मेथडच्या पहिल्या आणि शेवटच्या सूचनांवर साधे ब्रेकपॉइंट लावून काम भागवलं जातं, ते बरंच हलकं आहे. पण मेथड कुठे लिहिली आहे हे माहीत असेल, तर तिच्या पहिल्या ओळीवर लाल गोल लावला की झालं.

सांजवारा

चौकटीच्या बाबतीत थोडा मतभेद. इंटरफेसच्या मेथडवर ती लावता येते, आणि मग तो इंटरफेस राबवणाऱ्या ज्या कुठल्या क्लासकडे कॉल जाईल तिथे प्रोग्रॅम थांबतो. दुसऱ्याने लिहिलेल्या जुन्या कोडमध्ये "ऐन वेळी यातला कोणता क्लास येतो?" हेच कळत नसतं. तिथे चौकटीला तोड नाही. या धाग्यातल्या प्रश्नाला ती लागत नाही, हे मात्र मान्य.

पायवाट

दोघांचेही मनापासून आभार. वॉचपॉइंट लावला, खाते क्रमांकाची अट घातली, आणि जे दिसलं ते सांगते.

त्या खात्यात सुरुवातीला २०० रुपये होते आणि फाइलमध्ये १०० रुपयांची एक पावती रद्द झालेली होती. म्हणजे बदल एकदाच व्हायला हवा. वॉचपॉइंट तीनदा थांबला! तिन्ही वेळा रद्द पावतीच्याच मेथडमध्ये, तिन्ही वेळा १०० वजा. शिल्लक उणे १००. कॉल स्टॅकमध्ये (कुणी कुणाला बोलावलं त्या यादीत) मागे मागे गेले तर या मेथडला बोलावणारा एक लूप आहे. ओळ फसली तर तीच पुन्हा चालवायची, जास्तीत जास्त तीन प्रयत्न. तिसऱ्यांदाही फसली तर ती ओळ चुकांच्या यादीत जाते. यादीत ती आहे, पण फक्त "प्रक्रिया झाली नाही" एवढाच शेरा. त्यामुळे आजवर सगळे असं समजत होते की त्या ओळीने काही केलंच नाही.

आता ओळ फसते कशामुळे ते कळत नाही. कॅच (एक्सेप्शन पकडणारा भाग) आहे, पण आत एक्सेप्शन कुठेच लिहून ठेवलेला नाही, नुसता काउंटर वाढवला आहे.

सांजवारा

वा, चोर जवळजवळ हातात आला. आता विजेचं चिन्ह वापरायची वेळ. कंट्रोल-शिफ्ट-एफ८ दाबून ब्रेकपॉइंटची यादी उघडा, अधिकच्या चिन्हावरून जावा एक्सेप्शन ब्रेकपॉइंट निवडा. 'पकडलेले' आणि 'न पकडलेले' असे दोन पर्याय असतात. तुमचा एक्सेप्शन कॅचमध्ये गिळला जातोय, म्हणजे 'पकडलेले' चालू हवा. तो बंद राहिला तर वीज चमकणारच नाही.

पण एक्सेप्शनचं नाव माहीत नसताना "कुठलाही" निवडलात तर लायब्ररीच्या पोटात शंभर ठिकाणी थांबाल. स्प्रिंगसारख्या लायब्ररी, जावाचा क्लासलोडर, सगळे आतल्या आत एक्सेप्शन फेकत आणि पकडत असतात, त्यांच्या रोजच्या कामाचाच तो भाग आहे. दोन उपाय. एक, क्लासच्या गाळणीत फक्त तुमचं पॅकेज घाला. पण मग एक्सेप्शन जावाच्या आतल्या क्लासमध्ये फेकला गेला तर तो निसटू शकतो. म्हणून मला दुसरा उपाय आवडतो. शिल्लकेच्या फील्डवर तो वॉचपॉइंट आहेच, तर विजेच्या ब्रेकपॉइंटला सांगा की "तो वॉचपॉइंट लागेपर्यंत तू बंद राहा". प्रत्येक ब्रेकपॉइंटच्या सेटिंगमध्ये दुसऱ्यावर अवलंबून ठेवायची सोय असते. शिल्लक वजा झाल्यावर जो पहिला एक्सेप्शन फेकला जाईल तो तुमचा.

पायवाट

सापडलं!

पहिला वॉचपॉइंट, पुढे जाऊ दिलं, आणि लगेच नंबरफॉरमॅट एक्सेप्शन. रक्कम वजा केल्यानंतर शेऱ्यासाठी मूळ पावतीचा क्रमांक वाचतात, आणि त्या स्ट्रिंगच्या शेवटी एक रिकामी जागा आहे. लाँगच्या पार्स-लाँगला ती चालत नाही. काही यंत्रांच्या फाइलमध्येच ती जागा येते, सगळ्यांच्या नाही. मधूनच एखादं खातं का बिघडतं याचंही उत्तर मिळालं. डेटाबेसचा ट्रान्झॅक्शन दर प्रयत्नाला मागे फिरतो, पण मेमरीतल्या खात्याच्या वस्तूतली शिल्लक मागे फिरत नाही. शेवटी तीच वस्तू साठवली जाते.

उद्या संस्थेच्या व्यवस्थापकांना लेखी देणार आहे की यात एजंटांचा काहीही दोष नाही. जुन्या उणे नोंदीही अशाच निघतात का ते चुकांच्या यादीशी ताडून पाहते आहे.

एक शंका राहिली. प्रत्यक्षात बॅच चार थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या चार धाग्यांवर) चालते, मी सोयीसाठी एकावर चालवली. चार थ्रेड असताना हे असंच तपासता येईल का?

लाल_माती

अभिनंदन! आणि ते लेखी नक्की द्या.

दुरुस्ती करताना नुसतं ट्रिम (कडेच्या रिकाम्या जागा काढणारी मेथड) लावून थांबू नका. रिकामी जागा गेली तरी उद्या दुसरा एखादा एक्सेप्शन येईल आणि तीनदा वजा होणं तसंच राहील. पावतीचा क्रमांक आणि बाकी सगळी तपासणी आधी, शिल्लकेला हात शेवटी. कॅचमध्ये एक्सेप्शन पूर्ण लॉग करा.

थ्रेडबद्दल : ब्रेकपॉइंटच्या सेटिंगमध्ये 'सस्पेंड'ला दोन पर्याय आहेत, सगळे थ्रेड किंवा फक्त तो एक. 'सगळे' असेल तर तुम्ही विचार करत बसलेल्या वेळात पूर्ण प्रोग्रॅम गोठलेला असतो. दोन थ्रेडनी एकाच खात्याला हात लावला का, हे पाहायचं असेल तर 'फक्त तो एक' घ्या, म्हणजे एकाला अडवून दुसऱ्याला पुढे जाऊ देता येतं. मात्र अडवलेल्या थ्रेडने डेटाबेसमध्ये लॉक धरून ठेवला असेल तर बाकीचे तिथे खोळंबतील आणि टाइमआउटचे भलतेच एक्सेप्शन दिसतील. ते तुमच्या चुकीचे नव्हेत, थांबण्याचे आहेत.

त्यासाठी सस्पेंडची खूण पूर्ण काढून 'इव्हॅल्युएट अँड लॉग' वापरून बघा. ब्रेकपॉइंट थांबत नाही, फक्त थ्रेडचं नाव, खाते क्रमांक आणि शिल्लक कन्सोलवर छापून पुढे जातो. तुमची जुनी प्रिंटची पद्धतच ही, फक्त कोडला हात न लावता आणि पुन्हा बिल्ड न करता. व्हीएस कोडमध्ये यालाच लॉगपॉइंट म्हणतात.

पायवाट

हे आजच करून पाहते. तपासणी आधी आणि शिल्लक शेवटी, असा बदल लिहिला आहे, रिकामी जागा असलेल्या ओळीची चाचणीही जोडली. चार थ्रेडवरचा लॉग हाती आला की इथेच टाकते.